डाव्या कोपऱ्यातला पिवळा फेटा

रसेल हेगनं संग्रामचा गुडघा त्याला परत दिला आणि डोकं स्वतःकडे ठेवून घेतलं, त्या दिवसापासून मीनल इंगवले हसायची ती फक्त दातांनी.

ही वाटणी खुद्द हेगनंच सांगितली होती. हेग म्हणजे अमेरिकेतल्या डुलूथ हेरॉन्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक. बापूंच्या अस्थी सुपीरियर सरोवरात सोडून भाऊ-बहीण गाडीत येऊन बसले होते. संग्रामचा फोन वाजला. त्याची बोटं गारठली होती म्हणून मीनलनंच तो उचलून स्पीकरवर लावला.

"सॅम, आम्हाला तुझं डोकं हवं होतं, ते आता आमच्याकडे आहे," हेग म्हणाला. "गुडघा तुझा तू घेऊन जा." त्यानंतर वडिलांबद्दल दोन शब्द बोलला.

उलट क्रमानं बोलला असता, तर मीनलनं त्याला कदाचित माफही केलं असतं. कदाचित.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि हाडं मोडायचं जास्त. त्यात क्वार्टरबॅक हा सगळ्यांचा म्होरक्या. अंडाकृती बॉल त्याच्या हातात पडतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याला तीनेक सेकंदांत ठरवावं लागतं, कारण दीड-दीडशे किलोचे गडी त्याला आडवं करायला निघालेले असतात. संग्राम इंगवले सहा वर्षं हेरॉन्सचा क्वार्टरबॅक होता. लोक त्याला सॅम म्हणत. घरात तो संग्रामच होता, कारण सॅम अशी हाक मारली की बापू जेवायला वाढू देत नसत.

आणि मीनल त्याच संघाची मेंदूशास्त्रज्ञ. संग्रामपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या प्रत्येक तडाख्यानं तिचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून तिनं ते अस्तर बनवलं. हेल्मेटच्या आतलं पातळ, मऊ अस्तर. मेंदूत विचार उमटताना वीज खेळते, आणि वीज खेळली की तिच्याभोवती अगदी क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अस्तर ते टिपायचं. सोबत बुबुळांची हालचाल, मानेच्या स्नायूंचा ताण आणि हेल्मेटच्या कॅमेऱ्याला दिसणारं मैदान. काय दिसलं आणि त्यावर या माणसानं काय ठरवलं, अशा लाखो जोड्यांमधून यंत्र त्या एका माणसाची ठरवायची रीत शिकायचं. ही निरोगी रीत एकदा हाताशी आली, की डोक्याला मार बसल्यावर तिच्याशी ताडून बघायचं. फरक पडला, तर मेंदूला इजा आहे, माणूस बाहेर. एवढंच मीनलला हवं होतं.

पण एखाद्याची ठरवायची रीत पूर्ण शिकलेलं यंत्र म्हणजे दुसरं काय? त्याच्यासारखं ठरवणारं यंत्र. ही गोष्ट मीनलच्या आधी हेगच्या लक्षात आली. संग्रामचा गुडघा गेला आणि हेगनं त्याची रीत उचलून एका बावीस वर्षांच्या पोराच्या हेल्मेटमध्ये बसवली. पोराच्या जबड्याला बारीक थरथर जाणवायची. डावीकडे फेक, उजवीकडे फेक, थांब. लीगच्या नियमांत याला 'संवेदन साहाय्य' असं गोंडस नाव होतं. करारात मालकी क्लबची. मीनल तिला छाया म्हणायची.

तिनं राजीनामा लिहिला आणि फाडून टाकला. बाहेर पडून दात-ओठ खाण्यापेक्षा आत राहून जागा शोधावी, असं तिनं ठरवलं. कसली जागा, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

*

पोराचं नाव जोना टॅकेट. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, लाजाळू, मीनलनं आणलेल्या चकल्या दोन्ही हातांनी खाणारा. त्या हंगामात त्यानं सामन्यांमागून सामने जिंकले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, हा तर सॅमपेक्षाही सॅम. संग्रामला टल्सा डेरिक्स नावाच्या पडेल संघानं पदरात घेतलं होतं. तिथं त्यानं लंगडत लंगडत, शिव्या घालत त्या संघाला उभं केलं. मीनल दोन्ही सामने दोन पडद्यांवर शेजारी शेजारी बघायची. एकीकडे भाऊ, दुसरीकडे भावाची छाया. चुकून दोघंही एकाच वेळी डावीकडे फेकायचे, तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा.

डिसेंबरात एका सकाळी बंदिस्त मैदानात सराव चालला होता. हीटर बंद पडला म्हणून मीनल बापूंचा फेटा गळ्याला गुंडाळून आली. हळदीसारखा पिवळा, रेशमी. कोल्हापुराजवळच्या एका जत्रेत कुस्तीचं मैदान मारलं तेव्हा बापूंना बांधलेला. डुलूथच्या कागद कारखान्यात नोकरी धरायला येताना बापूंनी सामानात दोन गोष्टी आणल्या होत्या, हा फेटा आणि बायकोचा पाटा-वरवंटा.

ती जोनाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. जोना फेकायला वळला आणि थबकला. पुन्हा बॉल हातात आला, पुन्हा थबकला.

"काय झालं रे?" हेग ओरडला.

"हेल्मेटमधली ती थांब म्हणतेय, कोच."

"मग थांब. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं."

मीनल तिथंच कडेला ठेवलेल्या संगणकाच्या पडद्यापाशी गेली. पडद्यावर छायाचं मन दिसत होतं, म्हणजे कुठली गोष्ट बघून ती काय ठरवतेय त्याचा नकाशा. समोरचे गडी, मोकळी जागा, कडेच्या रेषा. आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा पिवळा ठिपका, सगळ्यांहून प्रखर.

मीनल खुर्चीत बसली. तिला परसातलं गवत आठवलं.

संग्राम लहानपणी भलता उतावळा. बॉल हातात आला की फेकून मोकळा. मीनलनं त्याच्यासाठी खेळ काढला होता. ती डावीकडे कुंपणापाशी बापूंचा फेटा उंच धरून उभी राहायची. फेटा वर आहे तोवर फेकायचं नाही. खाली आला की फेक. पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला, तरी प्रत्येक घरच्या सामन्यात ती मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, खेळाडू ज्यातून मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी राहायची, आणि तो घाई करतोय असं वाटलं की फेटा वर करायची. प्रेक्षकांना तो शुभशकुन वाटायचा. तिलाही ती नुसती सवय वाटायची. संग्राम म्हणायचा, माझं लक्षही नसतं गं तिकडं.

छायाला फेटा कोण, बापू कोण, काही माहीत नव्हतं. यंत्र कारण शिकत नाही, सोबत शिकतं. डावीकडे पिवळं फडकलं की हा माणूस अर्धा सेकंद जास्त थांबतो, एवढी सोबत तिनं सहा वर्षं बघितली होती, आणि इमानानं गिरवली होती.

अर्धा सेकंद. मैदानावर तेवढ्यात हाड मोडतं.

"मिस मीनल, आज ही सारखी थांबवत का होती?" जाताना जोनानं विचारलं.

"थंडी," ती म्हणाली, आणि फेटा काढून पिशवीत ठेवला.

जागा सापडली होती.

*

उपांत्य सामना ठरला, डुलूथ विरुद्ध टल्सा, डुलूथच्याच मैदानावर. आदल्या दिवशी दुपारी संग्राम बहिणीकडे जेवायला आला. तिनं तांबडा-पांढरा केला होता. त्यानं पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

"टल्सात काय खातोस?"

"दुःख," तो म्हणाला. "वाढ की अजून."

दुसरी वाटी वाढताना तिनं त्याला फेट्याचं सांगितलं. तो ऐकता ऐकता जेवायचा थांबला.

"म्हणजे तू फेटा वर केलास, की ते पोर बॉल धरून उभं राहणार?"

"हं."

"आणि आमचे गडी त्याला..."

"हं."

"सगळ्यांसमोर." त्यानं मिठाची वाटी उगीच इकडून तिकडे सरकवली. "ताई, उद्या हेगनं छायाचं गिऱ्हाईक बोलावलंय. बाकीच्या सगळ्या क्लबांचे मालक काचेच्या खोलीत बसणार. छाया काय सांगते ते मोठ्या पडद्यावर दाखवणार म्हणे. माझं डोकं विकायला काढलंय त्यानं, किरकोळीत."

"मला ठाऊक आहे."

"मग कर की वर. त्यांच्या हातात बॉल असला की कर. आमच्या वेळी खाली घे, झालं."

"जोनाच्या हेल्मेटमध्ये इजेचा गजर बंद आहे," मीनल म्हणाली. "कसा चालू ठेवणार? आत निरोगी रीत आहे ती तुझी. त्याला मार बसला तर कुणाला कळायचं नाही."

संग्रामनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला फोन आला तेव्हा तुझ्या हाताला बापूंची राख होती. पुसली पण नव्हतीस."

मीनलनं भांडी उचलली. बराच वेळ नळ वाहत राहिला.

"आणि फेटा दिसला की तुला नाही का रे काही व्हायचं? तुझंच डोकं आहे ते."

"ती मशीन आहे, ताई. मी माणूस आहे. मला ठाऊक आहे की फेटा कशासाठी आहे." तो हसला. "ठाऊक असलेल्याला कोण फसवतंय?"

मीनल शास्त्रज्ञ होती. या वाक्यातली चूक तिला त्याच क्षणी दिसायला हवी होती. पण राग आला की माणूस नेमकं आपल्याच विषयात नापास होतं.

*

सरोवरावरून वारा येत होता, वस्तऱ्यासारखा. पहिल्या दोन भागांत मीनल बोगद्याच्या तोंडाशी फेटा कोटात दडवून, हात खिशात घालून उभी होती. हेग जाता जाता तिच्या कॉलरमधून डोकावणाऱ्या पिवळ्या काठाकडे बघून म्हणाला, "भावासाठी आणलास वाटतं? आण, आण. मला भावना चालतात."

ती दातांनी हसली.

या खेळाचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागानंतर संघ बाजू बदलतात. तिसऱ्या भागात डुलूथ बोगद्याच्या दिशेनं चढाई करू लागला, म्हणजे बोगदा जोनाच्या डाव्या हाताला आला. मोठ्या पडद्यावर छायाचे सल्ले झळकत होते. हिरवं 'फेक', लाल 'थांब'. काचेमागचे मालक माना डोलवत होते.

मीनलनं फेटा कोटातून ओढून काढला आणि वर केला.

पडदा लाल झाला. थांब. मोकळा गडी हात वर करून पळत होता, साऱ्या स्टेडियमला दिसत होता, आणि जोना बॉल छातीशी धरून उभा. टल्साचे दोघं त्याच्यावर आदळले. वाऱ्यातूनही आवाज ऐकू आला. तो उठला. पुन्हा बॉल, पुन्हा फेटा, पुन्हा लाल. या वेळी मार पाठीमागून बसला आणि हेल्मेट गोठलेल्या जमिनीवर आपटलं.

हेग कडेला उभा राहून किंचाळत होता, पडद्याकडे बघून. मीनलला वाटलं होतं त्यापेक्षा ते दृश्य जास्त गोड होतं. फार गोड. जोना उठायला वेळ लावत होता, तेव्हा तिनं नजर हेगवरच ठेवली. जोनाचे पाय सरळ पडतायत का, हे बघणं तिचं काम होतं. तिनं बघितलं नाही.

हात भरून आले. वारा फेटा हिसकून घेऊ बघत होता. तिनं तो बोगद्याच्या कठड्याला बांधून टाकला, बापूंनी शिकवलेल्या गाठीनं, जी ओढली की आणखी आवळते. फडकू दे आता. हात मोकळे झाले, आणि हेगचा चेहरा बघायला ती मोकळी झाली.

म्हणून जोना तिच्याकडे बघतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्यानं फेट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. डिसेंबरातली सकाळ त्याच्या डोक्यात जुळत असावी. डोंगरातली पोरं दिसतात तेवढी भोळी नसतात. त्यानं हेल्मेटमध्ये बोटं घातली, अस्तर उपसलं आणि हेगच्या पायाशी फेकलं.

पुढच्याच चढाईत पडदा आंधळा होता आणि जोनानं बॉल फेकला. उंच, लांब, जरासा वाकडा, संग्रामनं कधी फेकला नसता असा. गड्यानं झेलला, थेट शेवटच्या रेषेपलीकडे. टचडाउन. स्टेडियम उसळलं. डुलूथ पुढे गेला.

जोना धावत बोगद्याशी आला. ओठ फाटला होता.

"मिस मीनल, मला नुसतं सांगितलं असतंत ना," तो धापा टाकत म्हणाला, "तर मी पहिल्याच दिवशी काढून फेकली असती ती. मला कुठं हवी होती?"

तो वळला आणि परत मैदानाकडे धावला. त्यानं उत्तराची वाटही बघितली नाही.

वर काचेमागे खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. छाया ऐन वेळी चुकते आणि पोराला मार खायला लावते, हे गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघितलं होतं. हेग पडल्या अस्तरापाशी एकटा उभा होता. मीनल ते बघत राहिली, घोट घोट घेत. सूड पुरा झाला होता. त्या घोटांच्या नादात भाग संपला, शिटी वाजली, संघांनी बाजू बदलल्या, आणि हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं तेव्हा सामना संपत आला होता. टल्साला जिंकायला एक टचडाउन हवा होता, आणि एकच चढाई उरली होती. बोगद्याच्या दिशेनं. संग्राम लंगडत जागेवर आला. तिच्यापासून एवढा जवळ की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. आणि त्याच्या डाव्या हाताला, कठड्यावर, बापूंचा फेटा नागासारखा डोलत होता.

मीनल गाठीवर तुटून पडली. नखं लावली, दात लावले. रेशीम गोठून दगड झालं होतं. ओढलं तर आणखी आवळायचं. "संग्राम, इकडं बघू नकोस," ती म्हणाली, पण एवढ्या गोंगाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

बॉल त्याच्या हातात आला. उजवीकडचा गडी मोकळा होता. मीनलनं दोन्ही हातांनी फेटा छातीशी कवटाळला, तेवढ्यात वाऱ्यानं मोकळं टोक उचललं आणि उंच फडकवलं.

संग्राम थांबला.

अर्धा सेकंद. तो आडवा झाला तेव्हा बॉल हातातच होता.

*

स्टेडियम रिकामं होत होतं. संग्राम हेल्मेट काखेत मारून बोगद्याशी आला. डोक्याला इजा झालीय का बघायला मीनलनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"नाव सांग."

"संग्राम बापूसाहेब इंगवले."

"आज काय झालं?"

"ते तूच सांग."

तिनं बॅटरी विझवली. हेग शेजारून गेला. सामना जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. दारात पत्रकारांनी त्याला घेरलं. यंत्रात दोष होता, तो सांगत होता, गंभीर दोष होता, आम्ही ते बंद करतोय.

मीनल ऐकत होती. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. आयुष्यातलं तिचं सगळ्यात चोख काम होतं ते, अगदी केसापर्यंत संग्राम. त्याचा पुरावा नुकताच गवतावरून उठून आला होता, आणि तो जगात कुणाला दाखवायची सोय नव्हती.

"तुला ठाऊक होतं ना रे," ती म्हणाली.

"होतं की. सगळा भाग मी स्वतःला बजावत होतो, डावीकडं बघायचं नाही. बघितलंही नाही." त्यानं नाक पुसलं. "पण दिसलं. आणि पिवळं दिसलं की मला वाटतं, ताई बघतेय. सगळं नीट होणार. मग घाई कशाला?"

मीनलचा चेहरा वाकडा झाला. तो दिसू नये म्हणून तिनं पाठ फिरवली आणि पुन्हा गाठीला लागली.

"बापूंची गाठ मारलीस होय?" तो पुढे झाला. "बाजूला सर. कापायला लागणार बहुतेक." त्यानं फेट्याचं टोक धरून हिसका दिला.

"थांब," ती सवयीनं म्हणाली. "घाई करू नकोस."

आणि त्याचे हात जिथल्या तिथे थांबले.

दोघांनीही त्या थांबलेल्या हातांकडे बघितलं. मग मीनलनं फेट्यावरचे आपले हात काढून घेतले, खिशात घातले आणि एक पाऊल मागे सरली.

"तुला हवं तसं कर," ती म्हणाली.